अलिबागचा प्रवास आणि भरती-ओहोटीचें गणित

परगांवीं जावयास निघालेला मनुष्य सामान्यतः तीन प्रश्न विचारतो: जावें कसें, राहावें कोठें आणि खावें काय. डोंगरावरील थंड हवेच्या ठिकाणीं किंवा एखाद्या तीर्थक्षेत्रीं जावयाचें असेल तर हे तीन प्रश्न पुरेसे होतात. समुद्रकांठच्या गांवास मात्र ते पुरत नाहींत. तेथें चौथा प्रश्न विचारावा लागतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. पाणी केव्हां येतें आणि केव्हां जातें, हा तो प्रश्न होय. रेल्वेची वेळ चुकली तर फार तर गाडी जाते; समुद्राची वेळ चुकली तर काय जाईल याचा नेम नाहीं.

या चौथ्या प्रश्नाचें महत्त्व पटवून देणारें अलिबागसारखें दुसरें गांव नाहीं. मुंबई बंदराच्या दक्षिणेस असलेलें हें रायगड जिल्ह्याचें मुख्य ठाणें. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचें नांव कुलाबा असें होतें, आणि तें नांव ज्या जलदुर्गावरून पडलें तो कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोरच समुद्रांत उभा आहे. अली नांवाच्या एका श्रीमंत गृहस्थानें येथें विहिरी खणून बागा लावल्या, म्हणून अलीची बाग तें अलिबाग, अशी परंपरागत हकीकत आहे. बागा अद्यापि आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्या किनाऱ्यालगतच्या प्रत्येक गांवांत दिसतात. परंतु प्रवाशाचें लक्ष प्रथम वेधतो तो किल्लाच. कारण ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें, आणि भरतीच्या वेळीं त्याच वाटेवर पुरुषभर पाणी असतें.

प्रथम प्रवासाच्या मार्गांचा विचार करूं. मुंबईहून अलिबागेस जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत, एक जलमार्ग व दुसरा खुष्कीचा. जलमार्गानें जाणाऱ्यानें गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत लाँचनें जावें. हा प्रवास सुमारें तासाभराचा आहे. मांडव्याहून अलिबाग सुमारें २० किलोमीटर असून तेथून बस व रिक्षा मिळतात. पुष्कळशा लाँचच्या तिकिटांतच पुढील बसचें भाडें धरलेलें असतें. तिकीट काढतांना तेवढें विचारून घ्यावें, म्हणजे पलीकडे उतरल्यावर धांवाधांव होत नाहीं. ज्यांना स्वतःची मोटार बरोबर न्यावयाची असेल त्यांच्यासाठीं २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोठी रो-रो बोट सुटते. तींत मोटारी, मोटारसायकली व माणसें अशीं सर्व एकत्र जातात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँचही आहे. हा मार्ग जुना व स्वस्त असून कोळी, भाजीविके व नित्याचे येणारे-जाणारे यांचा विशेष आवडता आहे.

येथें पहिली सावधगिरी सांगितली पाहिजे. गेटवेवरील लाँच बारमाही नव्हेत. पावसाळ्याच्या तोंडीं, साधारणतः मे महिन्याच्या अखेरीस, त्या बंद होतात व पावसाळा ओसरूं लागल्यावरच पुन्हां सुरू होतात. मोठी बोट पावसाळ्यांतहि बहुधा चालते. पण वादळी हवा असली म्हणजे तीहि रद्द होते. तेव्हां आषाढ-श्रावणांत अलिबागेस निघालेल्या प्रवाशानें परतीचा दुसरा मार्ग मनांत योजून ठेवावा. बोटींत बसल्यावर अंगरक्षक जाकीट कोठें ठेवलें आहे तें पाहून घ्यावें आणि लहान मुलांना तें आधींच घालावें. पोहतां येणारा मनुष्यहि अंगावरच्या कपड्यांसह भर समुद्रांत फार वेळ तगत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें.

खुष्कीचा मार्ग पनवेल, पेण व वडखळवरून जातो. मुंबईहून हें अंतर सुमारें १०० किलोमीटर भरतें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाल्यापासून मुंबईंतून बाहेर पडण्याचा वेळ पुष्कळच वांचतो. परंतु पेण-वडखळच्या पुढील रस्ता पूर्वीचाच असल्यामुळें शनिवारीं सकाळीं व रविवारीं संध्याकाळीं तेथें वाहनांची रांग लागते. पुण्याहून येणारानें खोपोली व पेण या मार्गानें यावें. राज्य परिवहनाच्या गाड्या मुंबई, पनवेल व पुणें येथून सुटतात. आगगाडीनें येणाऱ्यास पेण हें जवळचें स्टेशन असून तेथून अलिबाग सुमारें ३० किलोमीटर आहे. प्रवाशांची आगगाडी खुद्द अलिबागेस जात नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या आकर्षणानें होते हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण त्या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग करणारे थोडेच. चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरानें त्याच जागीं येतो, म्हणून भरतीहि दररोज तितकीच उशिरानें येते. दिवसांत साधारणतः दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात आणि पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आंत-बाहेर वेळ लागतो. आपलें पंचांग चंद्रावरच चालत असल्यामुळें कोंकणांतील कोळी व खलाशी यांना तिथि कळली कीं भरतीची वेळ कळते. त्यांचें गणित अगदीं सोपें आहे. तिथीचा अंक घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जें उत्तर येईल तितके वाजतां पूर्ण भरती. शुद्ध व वद्य या दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून एक, दोन असें मोजावें, आणि पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही पंधरा धराव्या.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहांटे तीनच्या व दुपारीं तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळीं सव्वानऊच्या व रात्रीं साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारीं ओहोटी. मात्र या रीतींत एक उणीव आहे. ती रोज पंचेचाळीस मिनिटेंच धरते; खरा फरक त्याहून थोडा अधिक असतो. त्यामुळें पक्षाच्या आरंभीं उत्तर बरोबर येतें आणि पक्षाच्या अखेरीस तें अर्ध्यापाऊण तासानें मागें पडतें. पौर्णिमेला पाऊणपटीनें सव्वाअकरा येतात, पण अलिबागेस प्रत्यक्ष भरती बाराच्या सुमारास असते. म्हणून दशमीच्या पुढें उत्तरांत अर्धापाऊण तास मिळवावा. ही रीति अंदाजाची आहे. सरकारी भरती-ओहोटीच्या कोष्टकांत रोजच्या नेमक्या वेळा दिलेल्या असतात व त्या आतां मोबाइलवरहि पाहतां येतात. कोष्टक बहुधा मुंबईचें असतें, आणि अलिबागच्या वेळेंत त्याहून थोडाच फरक पडतो. कोष्टक पाहावें आणि तिथीच्या गणितानें तें पडताळावें. दोहोंत तासाहून अधिक फरक आला तर तारीख चुकीची वाचली गेली आहे असें समजावें.

वेळेइतकेंच पाण्याच्या उंचीला महत्त्व आहे, आणि पुष्कळ प्रवासी फसतात ते येथेंच. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचा जोर एकवटतो. त्या वेळच्या भरतीला उधाण म्हणतात. तेव्हां पाणी फार चढतें आणि तितकेंच दूर ओसरतें. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांतील मोठ्या उधाणाची पातळी साडेचार मीटरांच्या वर जाते. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीं येतो. उलट अष्टमीच्या आगेंमागें चंद्र व सूर्य यांची ओढ एकमेकींना छेद देते. त्या वेळच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. भांगांत पाणी फार चढतहि नाहीं आणि फार उतरतहि नाहीं. आतां किल्ल्याच्या वाटेचा विचार करा. अष्टमीला भर दुपारीं ओहोटी असते, ही वेळ सोयीची वाटते. पण ती भांगाची ओहोटी. वाटेंत गुडघाभर, कधीं त्याहूनहि अधिक पाणी राहतें. पौर्णिमेला वाट अगदीं उघडी पडते. पण ती सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास, म्हणजे एकदां पुरतें उजाडण्याच्या वेळीं व एकदां अंधार पडण्याच्या वेळीं. संध्याकाळच्या ओहोटींत गेलेल्या मनुष्याला परततांना अंधार आणि चढतें पाणी हीं दोन्ही एकदम गांठतात.

मग जावें तरी केव्हां? दोन्ही पक्षांतील द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे चार दिवस पायीं जाण्यास सर्वांत चांगले. उधाणाचा जोर शिल्लक असल्यामुळें पाणी दूर ओसरलेलें असतें आणि पूर्ण ओहोटीची वेळ सकाळीं पावणेआठ ते दहाच्या दरम्यान पडते. ऊन कोवळें असतें व सबंध दिवस हाताशीं राहतो. एकादशी-द्वादशीस दुपारीं तीन-साडेतीनच्या सुमारास ओहोटी असते. तीहि वेळ चालेल, पण उन्हाची तयारी ठेवावी. सुटीचा वार पाहून प्रवास ठरविण्याची पद्धत सर्वत्र आहे. अलिबागेस जाणारानें वाराबरोबर तिथिहि पाहावी.

किल्ला किनाऱ्यापासून एक ते दोन किलोमीटरांच्या टप्प्यांत आहे. ओल्या, घट्ट वाळूवरून चालत अर्धा तास लागतो. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्यासाठीं ओहोटीच्या वेळीं घोडागाड्या असतात, आणि पाणी असतांना होड्या मिळतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीं निघावें आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आंत किनाऱ्यावर परत यावें. हा नियम कडक वाटेल, पण त्याला कारण आहे. भरतीचें पाणी सारख्या गतीनें चढत नाहीं. सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत तीन तीन, पांचव्यांत पुन्हां दोन व सहाव्यांत एक. एकंदर चढ चार मीटर असेल तर पहिल्या तासांत सुमारें ३३ सेंटिमीटर, म्हणजे पोटरीएवढें पाणी चढेल. तिसऱ्या एका तासांत मात्र एक मीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेएवढें आणि लहान मुलाच्या गळ्याएवढें चढेल. पहिल्या तासांतील संथपणा पाहून ‘अजून वेळ आहे’ असें प्रवाशाला वाटतें, आणि तो पुढें दोन तास तटावर बसून राहतो. त्यांतच पुळणीवरील सखल जागा आधीं भरतात. पुढील वाळू कोरडी दिसत असतां किनाऱ्याकडच्या बाजूस पाण्याची पट्टी तयार झालेली असते. मनुष्य ती ओलांडूं पाहतो, आणि मध्यें पोहोंचेपर्यंत ती दुप्पट खोल होते.

यदाकदाचित् वेळ चुकलीच, तर काय करावें हें प्रत्येकानें आधींच मनांत ठरवून ठेवावें. अशा वेळीं किल्ल्यांतच राहावें. किल्ल्याला पाण्याची भीति नाहीं. तीन शतकांहून अधिक काळ तो याच भरतींत उभा आहे. होडीला हाक मारावी किंवा मोबाइलवरून ११२ या क्रमांकावर मदत मागावी. कांहींच न जमलें तर पुढच्या ओहोटीची वाट पाहावी. किल्ल्यांत अडकून पडणें ही गैरसोय आहे. अडकूं नये म्हणून पाण्यांत उतरणें हा अपघात आहे. या दोहोंतील भेद न कळल्यामुळेंच सहलींचे शोक होतात.

ज्या पाण्यानें प्रवासी अडतो तेंच पाणी या दुर्गाचा खंदक होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे किल्ला पाहण्याचा आनंद वाढतो. शिवाजी महाराजांनीं १६८० मध्यें याच्या बांधणीस प्रारंभ केला आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें काम पुरें झालें. पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें हें प्रमुख ठाणें बनलें. १७२१ मध्यें मुंबईकर इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून त्यावर हल्ला केला, पण तो निष्फळ झाला. प्रचंड दगड चुन्यावांचून एकावर एक रचून तट बांधलेला आहे. लाटेचें पाणी दगडांच्या फटींतून शिरून पसरतें व तिचा मारा सौम्य होतो, असें या रचनेचें कारण सांगतात. तटास १७ बुरूज आहेत. आंत १७५९ मध्यें राघोजी आंग्रे यांनीं बांधलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ, पुष्करणी, गोड्या पाण्याची विहीर आणि गाड्यांवर चढविलेल्या दोन इंग्रजी तोफा पाहावयास मिळतात. शेजारींच सर्जेकोट हा लहान किल्ला आहे. गोडें पाणी असलें तरी पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. पायांत जाड तळाचें, न घसरणारें पादत्राण असावें. कारण खडकांवर शेवाळ असतें आणि कालवांच्या शिंपा पाय कापतात.

समुद्रस्नानाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. अलिबाग, वरसोली, आक्षी, नागांव, किहीम या सर्व पुळणी दिसावयास सौम्य आहेत. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणींहि त्यांत उतरूं नये. इतर ऋतूंतहि कमरेच्या पुढें जाऊं नये. लाटा फुटत असतांना मध्येंच एखादी पट्टी शांत व गडद दिसते आणि फेंस समुद्राकडे वाहत असतो. अजाण मनुष्यास ती स्नानाची उत्तम जागा वाटते. वस्तुतः किनाऱ्यावर आलेलें पाणी परत जाण्याचा तो ओढीचा मार्ग असतो. अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याच्या दिशेनें झगडूं नये, त्यानें केवळ दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जावें, ओढ सुटली कीं मग तीराकडे वळावें. पोहतां येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहावें व हात वर करून मदत मागावी. बुडणाऱ्यासाठीं आंधळेपणानें उडी टाकणें हें शौर्य नव्हे. दोर, रिकामा बंद डबा किंवा तरंगणारें कांहींहि त्याच्याकडे फेंकावें. मद्यप्राशन करून पाण्यांत जाणाऱ्यास मात्र कोणताहि उपदेश उपयोगी नाहीं. मोटार वाळूवर नेणें हाहि एक नवा वेडेपणा सर्व किनाऱ्यांवर दिसतो. चाकें ओल्या वाळूंत रुततात आणि भरती कोणासाठीं थांबत नाहीं. शिवाय त्या वाळूवर मुलें खेळत असतात.

किल्ल्याव्यतिरिक्त गांवांतहि पाहण्यासारखें आहे. कान्होजी आंग्रे यांची समाधि येथें आहे. हिराकोट नांवाचा कोट कान्होजींनींच बांधलेला असून पुढें त्याचा उपयोग तुरुंगासाठीं झाला. त्याजवळील तळें संध्याकाळीं फिरावयास उत्तम. इस्रायल आळींत बेने इस्रायल समाजाचें मागेन आबोथ हें प्रार्थनामंदिर आहे. या समाजाचे पूर्वज जहाज फुटून जवळच नवगांवच्या किनाऱ्यास लागले अशी त्यांची परंपरा असून शतकानुशतकें त्यांची मातृभाषा मराठीच राहिली. १९०४ मध्यें सुरू झालेली चुंबकीय वेधशाळा ही अलिबागची आणखी एक अपूर्व गोष्ट. मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें चालत. पण शहरांत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानें सूक्ष्म यंत्रें बिघडतील म्हणून तें काम येथें हलविण्यांत आलें. तिच्या इमारतींत लोखंड येऊं नये अशी काळजी घेतलेली आहे. काम चालू असल्यामुळें परवानगीवांचून आंत जाण्याचा आग्रह धरूं नये. उत्तरेस किहीम येथें १९३० मध्यें डॉ. सालिम अली यांनीं सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. तेथील झाडी पक्षिप्रेमी मनुष्यास अजूनहि सुखावते. दक्षिणेस चौल-रेवदंडा व पुढें कोर्लई हीं ऐतिहासिक स्थळें आहेत. कोर्लई गांवांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें झालेली एक स्वतंत्र बोली आजहि ऐकूं येते.

राहण्याची सोय गांवांत व आसपासच्या खेड्यांत भरपूर आहे. गांवांत राहिल्यास किल्ला, बाजार व बसस्थानक जवळ पडतें. आक्षी-नागांवकडे वाड्यांतून राहिल्यास सावली व शांतता मिळते. नाताळ, होळी व लागून आलेल्या सुट्या या वेळीं दर वाढतात आणि खोली मिळत नाहीं. तेव्हां आधीं ठरविल्यावांचून निघूं नये. शक्य असेल त्यानें सोमवार ते गुरुवार हे दिवस निवडावे. पैसा वांचतो, रस्ता मोकळा असतो, आणि मागें सांगितलेली तिथि साधणेंहि सोपें जातें.

भोजनाचा विषय रम्य आहे. पापलेट, सुरमई, बोंबील हे मासे सर्वत्र मिळतात. परंतु या भागाचें खरें वैशिष्ट्य म्हणजे खाडींतील जिताडा. तो मिळेल तेव्हां सोडूं नये. जून-जुलैंत मासळीच्या विणीच्या हंगामामुळें यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरणाऱ्यास बर्फांतील मासा खावा लागतो. तेव्हां खाडीची मासळी, सुकट व सोलकढी यांवर समाधान मानणें शहाणपणाचें. शाकाहारी मनुष्यास वालाचें बिरडें, तांदळाची भाकरी व ओल्या नारळाचे प्रकार मिळतात. हिंवाळ्यांत या जिल्ह्यांत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, आणि हवें असेल तर अंडीं व कोंबडी, भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यांत भरून तें उपडें ठेवतात व भोंवतीं जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालतां शिजलेल्या त्या शेंगांची चव इतरत्र नाहीं. भाताच्या मागून घेतलेला अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्याच्या तोंडीं बाजारांत येतो. तो गोडसर असून पातींची वेणी घालून माळांनीं विकतात, व त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. बाहेरचा कांदा त्याच नांवानें विकला जाण्याचा संभव असल्यामुळें घेतांना गांवकऱ्यास बरोबर घ्यावें हें बरें.

गांवकऱ्यांशीं बोलतांना एक पथ्य पाळावें. मुंबईंत अडाणी माणसाला उद्देशून ‘अलिबागसे आया है क्या’ असें विचारण्याची खोड आहे. २०१९ मध्यें येथील एका रहिवाशानें या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयांत याचिका केली होती. विनोद सर्वच समाजांवर होतात, तो मनास लावून घेऊं नये, अशा अर्थाचें सांगून न्यायालयानें ती फेटाळली. कायद्यानें बंदी नाहीं हें खरें. पण ज्या घरीं पाहुणे म्हणून जावयाचें तेथें घरधन्याची थट्टा न करणें याला कायद्याची गरज नसते. शिवाय या थट्टेंतील उपरोध असा, कीं पुळणीवर उभा असलेला शहरवासी भरती केव्हां येणार हें जाणत नाहीं, आणि ज्याला तो अडाणी समजतो तो कोळी तिथीवरून तें बोटांवर मोजून सांगतो. याच न्यायानें वाळूवर पसरलेलीं जाळीं तुडवूं नयेत, वाळत घातलेल्या मासळीस नाक मुरडूं नये, आणि शिदोरीचे कागद व बाटल्या परत घेऊन जाव्या. भरतीबरोबर त्या समुद्रांत जातात आणि त्याच जाळ्यांत परत येतात.

ऋतूच्या दृष्टीनें पाहतां नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. मार्च-एप्रिलांत उकाडा असतो, तरी सकाळ-संध्याकाळ सुखाची असते. पावसाळ्यांत झाडी व आकाश यांची शोभा अवर्णनीय असते. पण तेव्हां समुद्र दुरून पाहावा आणि किल्ल्याचा विचार सोडून द्यावा. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात व नव्या हंगामास लागतात. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला तेहि पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवून या दिवसाची वाट पाहतात. दोन दिवसांच्या पाहुण्यानें त्यांच्याहून अधिक धाडस करण्याचें कारण नाहीं.

तात्पर्य, अलिबागेस निघतांना तिकिटाबरोबर तिथि पाहावी, ओहोटीची वेळ कागदावर लिहून खिशांत ठेवावी आणि पुळणीवर पाऊल टाकण्यापूर्वीं तेथील घोडागाडीवाल्यास किंवा कोळ्यास ‘पाणी केव्हां फिरणार?’ एवढें विचारावें. तो जी वेळ सांगेल तीच परतण्याची वेळ समजावी.